पांढरे व्हायचे राहिलेले केस

अक्का, काल तुमचा तेरावा झाला, आणि काल दुपारीच मी तुमच्यापाशी घेतलेली शपथ मोडली. हे आधीच सांगून टाकते. पोटात ठेवलं तर मला झोप लागणार नाही, आणि तशीही ती मला कधी धड लागत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. "शैला, तू मेल्यावरसुद्धा गॅस बंद केलाय का बघायला एकदा उठून येशील," असं तुम्ही म्हणायचात. आधी जायचा मान तुम्ही घेतलात. गॅस मी आत्ताच दोनदा बघून आले.

गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण आपलं भांडण अर्धवट राहिलंय, आणि अर्धवट राहिलेलं काहीही मला सहन होत नाही. तुमच्यासमोर उभं राहून भांडायची माझी छाती नव्हती. सव्वीस वर्षांत एकदाच भांडले, तेही तुम्ही जायच्या तीन दिवस आधी. मुहूर्त बघा माझा.

शपथ कधी घेतली ते आठवतं ना? हुबळीहून लग्न होऊन मी चामराजपेटच्या या घरात आले, त्याला चार महिने झाले होते. तुम्ही थोरल्या जाऊबाई, खालच्या मजल्यावर. आम्ही वर. दिवाळीची पहिली अंघोळ. आपल्याकडे त्या पहाटे सासूबाई सगळ्यांच्या डोक्याला तेल लावायच्या, फक्त तुम्ही सगळ्यांच्या आधी उठून अंघोळ उरकायचात, असं मी ऐकलं होतं. मला वाटलं, केवढी ही शिस्त. पाणी तापलंय का बघायला म्हणून मी न्हाणीघराचं दार ढकललं. तुम्ही पाटावर बसला होतात आणि डोक्यावर एकही केस नव्हता. ज्या कमरेपर्यंतच्या केसांचा मी चार महिने मनातल्या मनात हेवा करत होते, ते सगळेच्या सगळे शेजारी उलट्या घातलेल्या डब्यावर ठेवलेले. तुम्ही ओल्या हातानं माझं मनगट धरलंत आणि माझा तळवा स्वतःच्या डोक्यावर ठेवलात. "घे शपथ. कुणाला सांगणार नाहीस. मेघनाला तर कधीच नाही." तीन वर्षांची मेघना बाहेरच्या खोलीत झोपली होती. तुमचं डोकं गरम होतं आणि तेलानं बुळबुळीत. दिवाळी होती म्हणून तुम्ही त्यालाही तेल लावलं होतंत. मी शपथ घेतली.

तेव्हापासून मला धाकधुकीला एक कायमचा विषय मिळाला. तुम्ही मात्र मजेत. इथल्याच शिवाजीनगरच्या गल्लीतल्या त्या विगवाल्याकडून दर दोन-तीन वर्षांनी तुम्ही खऱ्या केसांचा नवा टोप आणायचात, तोही आधीच्यापेक्षा बोटभर आखूड, म्हणजे 'केस कापले' म्हणता येतं. आपलं मॅचिंगचं दुकान मंगळवारी बंद, म्हणून टोप धुवायचा वार मंगळवार आणि जागा माझं वरचं न्हाणीघर. चारचौघांत आपण त्याला 'पीस' म्हणायचो. दुकानात गिऱ्हाइकांच्या गर्दीत तुम्ही खुशाल विचारायचात, "शैला, माझा काळा पीस वाळला का ग?" आणि माझ्या हातातली कात्री पडायची. बायकांना वाटायचं ब्लाऊजपीस.

आणि ते तेल. शेजारच्या जयम्मा रोज गेटवर थांबवून कानडीत विचारायच्या, "एन् एण्णे हच्कोळ्तीरा अक्का?" कुठलं तेल लावता, एवढे केस कसे? एक दिवस तुम्ही वैतागून सांगितलंत, माका, जास्वंद आणि चार मिरे, खोबरेल तेलात उकळून. अक्षरशः तोंडाला येईल ते. पुढच्या महिन्यात अर्ध्या गल्लीत माका उकळत होता. जयम्मांचे केस खरंच बरे झाले, हा अजून एक वैताग. मी म्हणाले, अक्का, हे पाप आहे. तुम्ही म्हणालात, "पाप कसलं, त्यांना गुण येतोय ना? सरी मग, झालं तर."

तुम्हाला कधी भीती वाटली का, हे मी विचारायचं राहिलं. वारा सुटला की वाटायची का? बसमध्ये मागची बाई टेकली की? मला तर तुमच्यातर्फे रोज वाटायची. लग्नाकार्यात तुम्ही वाकून नमस्कार करायला लागलात की मी डोळे मिटून घ्यायची.

पण हेही लिहिलं पाहिजे की मी भित्री आहे हे कळूनही तुम्ही मला कधी मागे ठेवलं नाहीत. लग्नानंतर सात-आठ वर्षं झाली, मला मूल होत नव्हतं, पुढे झालंच नाही. डोहाळजेवणाला बायका माझ्या हातात ओटीचं ताट द्यायच्या नाहीत. कुणी बोलायचं नाही, ताट फक्त माझ्यावरून पुढे जायचं. एकदा तुम्ही ते पुढच्या बाईच्या हातून काढून घेऊन माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "आधी शैला. तिचा हात हलका आहे." त्या दिवशी मी न्हाणीघरात नळ सोडून रडले. आणि मेघनाला तुम्ही अर्धी माझ्याकडेच वाढवलीत. तिच्या वेण्या मी घालायची. शाळेच्या दोन वेण्या, लाल रिबिनी. तुम्ही का घालत नव्हता हे मला कळायला वेळ लागला. लेकीच्या दाट केसांत हात घालणं तुम्हाला जड जात असेल. हेही विचारलं नाही. माझा अंदाज आहे.

मग गेल्या वर्षी तुम्ही नवीनच काढलंत. "शैला, मला म्हातारं व्हायचंय."

साठीला दोन वर्षं उरली होती. भाऊजींचं डोकं पांढरं झालं होतं, माझ्या भांगात चुना पडल्यासारखं झालं होतं, आणि तुमचं डोकं दुकानातून आणलेलं, काळंभोर. फोटोत तुम्ही भाऊजींची मुलगी दिसायला लागला होतात. "सगळ्यांना पिकायला मिळतं, मलाच नाही," तुम्ही म्हणालात, आणि हसता हसता तुमचा आवाज जरा फाटला. तोपर्यंत मला वाटायचं, तुम्ही हा सगळा प्रकार कधीच पचवून टाकलाय.

बेतही तुमचा तयार होता. महिनाभर हुबळीला माझ्या माहेरी जाऊन राहायचं आणि पांढऱ्या केसांनी परत यायचं. विचारलं तर सांगायचं, कलप लावणं सोडलं. मी विचारलं, "मग माक्याच्या तेलाचं काय? जयम्मा जीव घेतील." तुम्ही विचार करून म्हणालात, "सांगू, माका काळ्या केसांनाच लागू पडतो."

विगवाल्याकडे पांढरे होते ते नायलॉनचे, नाटकातल्या ऋषीला शोभतील असे. तो म्हणाला, "अम्मा, वो नक्को लो. ये देखो, असली बाल है." आणि त्यानं खोक्यातून काढला तो पिवळाजर्द टोप. मक्याच्या कणसाच्या शेंडीचा रंग. गोऱ्या मडमेचा असतो तसा. म्हणाला, घरी टोनर लावा, पिवळेपणा मरेल, चांदी येईल. तुम्ही तो तिथंच, पडद्यामागे जाऊन घातलात आणि मला आत बोलावलंत. कपाळावर एवढं मोठं कुंकू, कानात कुड्या आणि वर ते पिवळे केस. मी हसून हसून खाली बसले. तुम्ही आरशात बघत होतात आणि हसत नव्हता. "पिवळा काढला तर खालचा पांढरा चांगला आहे," तुम्ही म्हणालात. दुकानात साडीचा काठ बघताना जो आवाज लागायचा, तोच आवाज.

रंग तुम्हाला कळायचाच. आपलं घर मूळचं रंगाऱ्यांचं. मामंजी रेशमाच्या लडी रंगवायचे, मागच्या अंगणात चुली होत्या म्हणे. आता नुसतं मॅचिंगचं दुकान उरलंय, पण गिऱ्हाइकानं साडी पिशवीतून काढायच्या आधी तुम्ही कपाटातून बरोबर तेच अस्तर ओढायचात. म्हणून तुम्ही बजावलं होतंत, "टोनर मागवलाय, तो येईपर्यंत त्याला हात लावू नकोस." आणि मी लावला. रविवारी मेघना यायची होती. व्हाइटफील्डहून ती दर रविवारी येते आणि सरळ माझ्याकडे वर चढते. माझ्या न्हाणीघरात पिवळे केस सापडले तर काय सांगू, या एकाच विचारानं माझं डोकं फिरलं. सासूबाई पिवळी पडलेली धोतरं निळीत बुडवून पांढरी करायच्या, ते मी बघितलेलं. धोतराचा पिवळा जातो, मग केसांनी काय घोडं मारलंय? बादलीत नीळ कालवली आणि टोप बुडवला. रंगाऱ्यांच्या घरची सून, पण हुबळीची.

बाहेर काढला तर हिरवा.

तुम्ही खिडकीपाशी नेऊन बघितलात. उजेडात पुढून-मागून फिरवलात. "कच्च्या कैरीचा हिरवा," शेवटी तुम्ही म्हणालात. "तीन साड्यांना शोधत होते हा रंग, मिळत नव्हता." मग तो खाली ठेवून मला म्हणालात, "शैला, नीळ सुताला. केस सुताच्या जातीचे नाहीत, रेशमाच्या जातीचे. दोन्ही जिवंत जीवाच्या अंगचं. त्याला कोमट पाणी, स्वल्प आंबट, आणि रंग एवढासा." पांढऱ्या व्हिनेगरनं दोन-तीनदा धुतल्यावर बरीचशी नीळ निघाली. केस मात्र जरा राठ झाले. ते माझ्यामुळं. तुम्ही नंतर एकदाही ते बोलून दाखवलं नाहीत, आणि मला रोज वाटायचं की आज बोलाल.

आता मेघनाचं.

तुम्ही जायच्या दोन महिने आधी ती एका रविवारी वर आली, दार लावून घेतलं आणि मान वळवून केस बाजूला केले. डाव्या कानामागे रुपयाएवढी जागा, गुळगुळीत. "काकू, आईला सांगू नकोस," ती म्हणाली. "तिचे केस बघ आणि माझे बघ. तिला काय कळणार?" तिच्या भाषेत सांगायचं तर ती 'पॅनिक' होती, आणि मी तिच्यापेक्षा जास्त. आईची गोष्ट लेकीला सांगायची नाही, लेकीची आईला सांगायची नाही, आणि मी मधे अडकित्त्यातल्या सुपारीसारखी.

दोन महिने कळ काढली. तिनं ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवायला सुरुवात केली. रविवारी यायची तेव्हा डोक्याला स्कार्फ असायचा, आणि तुम्ही म्हणायचात, काय नवीन फॅशन. मग त्या मंगळवारी मी तिचा शब्द मोडला. टोनर आला होता, आपण टोप कोमट पाण्यात भिजवत होतो. मी सांगितलं. तुमचे हात पाण्यात होते ते तसेच राहिले. मी म्हणाले, "अक्का, तिला दाखवा. एकदाच. टोप काढून तिच्यासमोर बसा. तिला वाटतंय जगात ती एकटीच आहे."

तुम्ही नाही म्हणालात. का, ते सव्वीस वर्षांत पहिल्यांदा सांगितलंत. मेघना झाल्यावर तिसऱ्या महिन्यात तुमचे केस पुंजक्यापुंजक्यानं जायला लागले, वर्षात सगळे गेले. सासूबाई तिला मांडीवर घेऊन म्हणाल्या होत्या, "या पोरीनं आईचे केस खाल्ले." तुम्ही त्या दिवशी ठरवलंत, हे वाक्य तिच्या कानावर पडू द्यायचं नाही. आईचे केस आहेत म्हटल्यावर कुणी खाल्ले हा प्रश्नच येत नाही. "आता सांगितलं तर ती विचारेल कधीपासून," तुम्ही म्हणालात. "मग मी काय सांगू?"

तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं. पण घाबरलेलं माणूस तोंडाला येईल ते बोलतं. मी म्हणाले, "तुम्हाला पोरीपेक्षा केस प्यारे झालेत."

तुम्ही हात पुसलेत आणि खाली गेलात. पुढचे तीन दिवस आपण दूध आलं का आणि पाणी सुटलं का एवढंच बोललो. शुक्रवारी दुकानाच्या दारात, गिऱ्हाइकाची साडी उजेडात धरून रंग बघत असताना तुम्ही खाली बसलात. बस, एवढंच मला लिहिता येतं. माफी मागायला मी शनिवार धरून ठेवला होता. तुमच्या आवडीचं थालीपीठ करून खाली यायचं असं ठरवलं होतं.

तुम्हाला घरी आणलं तेव्हा मला रडूच येत नव्हतं. मी फक्त भांगाकडे बघत होते. सरकला तर नाही? उचलताना हात कुठं लावतायत? बायका जमल्या. सवाष्ण गेली म्हणून हिरवी साडी आली, खण आला, मल्लिगेच्या, मोगऱ्याच्या वेण्या आल्या. आता अंघोळ घालायची. भाऊजी दाराशी आले आणि मला हळूच म्हणाले, "शैला, तू एकटीच कर." त्यांचा चेहरा मी त्यापूर्वी असा बघितला नव्हता. मी बायकांना बाहेर थांबवलं, कुणी फारशी कुरकुर केली नाही. मेघना पुढे आली. "काकू, मी पण येते." मी म्हटलं, "तू नको." "का?"

काय सांगणार होते? मी म्हणाले, "लग्न न झालेल्या मुलीनं या अंघोळीला हात लावायचा नसतो."

असा काही नियम नाही, अक्का. मी तो उभ्या उभ्या केला. पण ठासून सांगितलेला नियम कोण मोडतं? चार बायकांनी माना हलवल्या. जयम्मांनीही हलवली, आणि परवा त्या समोरच्या घरात कुणाला तरी हाच नियम समजावून सांगत होत्या. एकोणतीस वर्षांच्या मुलीला सगळ्या गल्लीसमोर मी तिच्या आईपासून बाजूला केलं, आणि तेही तिचं लग्न झालं नाही असं म्हणून. ती मागे सरकली. मी दार लावलं.

आत मी तुमचा टोप काढला, डोक्यावर कोमट पाणी घातलं, पुसलं, आणि काळा टोप परत बसवला. त्याची आतली चिकटपट्टी तीन वेळा लावली. वेणी माळताना फुलं गळली, ती एकेक उचलून मी पुन्हा खोचली. बाहेर आणल्यावर एक बाई म्हणाली, "काय केस बाई, अजून काळेभोर." तुम्ही असतात तर मला कोपरानं ढोसलं असतंत. आणि मग मला रडू आलं.

त्यानंतर तेरा दिवस मेघना माझ्याशी 'काकू, चटई कुठंय' यापलीकडे बोलली नाही. तिनं स्कार्फ बांधलेला, कानामागची जागा आता तीन रुपयांएवढी झालेली, आणि आईची शेवटची अंघोळ हुकलेली. शपथ पाळून मी हे कमावलं होतं. आणि काल जेवणं झाली, पाहुणे गेले, तशी ती बॅग भरायला लागली. आज सकाळच्या मेट्रोनं ती व्हाइटफील्डला परत जाणार होती. पुन्हा कधी माझ्याकडे वर चढेल याची मला खात्री नव्हती. मी जिन्यात उभी राहून तीन वेळा वर गेले आणि तीन वेळा खाली आले.

शेवटी मी न्हाणीघरात जाऊन आधी तो जांभळा टोनर कालवला. कोमट पाणी, स्वल्प आंबट, रंग एवढासा. टोप त्यात घातला आणि मोबाइलवर सहा मिनिटं लावली. मला माझी खात्री नव्हती, म्हणून. हात जांभळे झाल्यावर पळून जाता येत नाही. मग जिन्यातून हाक मारली. "मेघना, वर ये. घाई आहे."

ती दारात उभी राहिली. टबातल्या केसांकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं. "हे काय आहे?"

"तुझ्या आईचं आहे," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. दिवाळीची पहाट, शिवाजीनगर, मंगळवार, म्हातारं व्हायचंय. सांगताना माझं अर्धं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे आणि अर्धं मिनिटांकडे. ती न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसली. मधे एकदा तिचा हात आपोआप स्कार्फकडे गेला. मी सासूबाईंचं वाक्य सोडून सगळं सांगितलं होतं, आणि मग तिनं तेच विचारलं, जे विचारेल म्हणून तुम्ही घाबरत होतात.

"कधीपासून?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं. पण त्याआधीच ती म्हणाली, "मी झाल्यावर ना?"

मी मोबाइलवरच्या मिनिटांकडे बघितलं.

"आजी म्हणायची मला," मेघना म्हणाली. "'आईचे केस खाल्लेस तू.' मी पाच-सहा वर्षांची असेन. नंतरसुद्धा म्हणायची, तू आणि आई दुकानात असलात की. मला वाटायचं चिडवते. आईचे केस तर कमरेपर्यंत होते. मी जाऊन बघायचे आणि म्हणायचे, खोटं बोलतेय आजी."

अक्का, ऐकलंत? ते वाक्य तिच्या कानावर पडू नये म्हणून तुम्ही तीस वर्षं डोक्यावर परके केस वागवलेत, आणि ते तिच्या कानावर पडलं. तुमच्या पाठीमागे, तुमच्याच घरात. पण ते तिला लागलं नाही. ती दुकानात यायची, तुमच्या वेणीकडे बघायची आणि निश्चिंत परत जायची. मला आठवतंय ते पोर गल्ल्यामागे येऊन तुमची वेणी धरून उभं राहायचं. तुम्ही म्हणायचात, "सोड ग, ओढू नको." आपल्याला वाटायचं, लाडात आलीये.

मी घाबरून बोलायला लागले की तसं काही नसतं, आजीचं काय ऐकतेस, तुझ्यामुळं नाही. तिनं मला थांबवलं. "काकू, ते ऑटोइम्यून असतं. मी डॉक्टरकडे जाऊन आलेय. बाळंतपणानंतर होऊ शकतं, स्ट्रेसनं होऊ शकतं, कशानंही होतं. कुणी खात नाही कुणाचे केस." इतक्या साध्या आवाजात म्हणाली. ज्या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नव्हतं, त्याचं उत्तर तिच्याकडे आधीपासून होतं. तुम्ही नुसतं विचारायचा अवकाश होता, आणि हे मला किती दुखलं ते तुम्हाला सांगता येत नाही. तुम्ही चुकला होतात असं म्हणवत नाही. मी बरोबर होते असंही म्हणवत नाही. तुम्हाला ते माझ्या तोंडून इतक्या वाईट शब्दांत ऐकावं लागलं, हे मात्र माझंच चुकलं.

तिनं टबाकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हणून तू मला आत येऊ दिलं नाहीस."

"हो."

"आणि तो नियम?"

"मी केला."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही ओरडेल, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं. "मला तिला अंघोळ घालायची होती, काकू," ती म्हणाली. "टक्कल असतं तरी घालायची होती." मी मान हलवली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, मीही मागायचं धाडस केलं नाही.

तेवढ्यात मोबाइल वाजला. आणखी दोन मिनिटं गेली असती तर सगळं जांभळं झालं असतं. मी उठायला गेले तर तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू बस. कसं धुवायचं ते सांग."

"गार पाणी. वरून खाली. चोळायचं नाही."

तिनं स्कार्फ सोडून खुंटीला अडकवला, बाह्या वर केल्या आणि पाटावर बसली. एक हात टोपाच्या आत घातला, जिथं तुमचं डोकं असायचं, आणि दुसऱ्या हातानं तांब्यातून पाणी सोडलं. जांभळं पाणी गेलं, मग फिकट, मग साधं. केस पांढरे झाले होते. चांगला पांढरा, अक्का, तुम्ही म्हणाला होतात तसा, खिडकीच्या उजेडात जरासा चंदेरी. साधं पाणी यायला लागल्यावरही ती थांबली नाही. भांगावरून, कानाच्या बाजूनं, मानेवरून, सावकाश ओतत राहिली. आता पुरे, टोपाची जाळी सैल होईल, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी बोलले नाही. बादली रिकामी झाली तेव्हा तिनं वर न बघता विचारलं, "अजून पाणी आहे?"

मी नळ सोडला.